जुन्या साउंड कार्डातून तडतड: कॅसेटी उतरवताना अडलोय

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न जुन्या मशीनचा आहे. "फेकून द्या, नवं घ्या" हे उत्तर घरात रोज मिळतंय, तेवढं सोडून काहीही सांगा.

आमचे अण्णा यंत्रमागावर कामाला होते. दर गुरुवारी घरी भजन असायचं आणि ते टू-इन-वनवर भरून ठेवायचे. अशा एकेचाळीस कॅसेटी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघाल्या. बहुतेक भजनंच आहेत, पण एकीवर गड्ड्याची (सिद्धेश्वराच्या जत्रेची) मिरवणूक आहे आणि एकीवर आत्याच्या जात्यावरच्या ओव्या. सोलापुरात मे महिन्यात माळ्यावर काय भाजणी होते ते सांगायला नको. फितीचा आता भरवसा नाही, यंदा संगणकावर उतरवून घ्यायच्याच.

लॅपटॉपला स्टिरिओ लाइन-इन (बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं भोक) नाही, म्हणून २००२ साली असेंबल केलेला पीसी खाली काढला. इंटेल ८४५ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ४, १ जीबी रॅम, एक्सपी सर्व्हिस पॅक ३. पीसीआय खाचेत साउंड ब्लास्टर लाइव्ह ५.१ हे साउंड कार्ड. कॅसेट डेकचा लाइन-आउट कार्डाच्या निळ्या भोकात, स्पीकर हिरव्या भोकात.

अडचण अशी की तडतड येते. ऐकतानाही येते आणि भरलेल्या फाइलीतही. दुपारी जास्त वाटते. ड्रायव्हर काढून परत टाकला, स्पीकर बदलले, डेकचं हेड पुसलं. फरक शून्य.

चकटफू | सोमवार, रात्री १०.३०

तीनशे रुपयांत यूएसबी साउंड कार्ड मिळतं. वीस-बावीस वर्षांच्या डब्यावर कशाला वेळ घालवताय? (हो, वाचलं तुमचं पहिलं वाक्य. तरीही.)

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०.५१

चकटफू, तीनशेवाल्या बहुतेक डोंगलला फक्त माइकचं भोक असतं आणि तेही मोनो. डेकचा लाइन-आउट त्यात घातला की एक बाजू गायब, वर आवाज फाटणार तो वेगळाच. घ्यायचंच तर बेहरिंगरच्या यूसीए २०२ सारखं खरं स्टिरिओ लाइन-इन असलेलं घ्यावं लागेल. ते तीनशेत येत नाही.

कडक_भाकरी, तुम्ही "तडतड" म्हणता म्हणजे नक्की काय? मी रेकॉर्डिंगच्या कामात आहे आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सगळ्या घाण आवाजांना "खरखर" म्हणतो. जरा कान देऊन सांगा. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं सुटं सुटं? पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं सलग? मोठा आवाज आला की तेवढ्यापुरतं कापड टर्रकन फाडल्यासारखं? की मागे सतत फ्रिजसारखी घूं? यातल्या प्रत्येकाचं कूळ वेगळं आहे.

सात_रस्ता | सोमवार, रात्री ११.०५

का बे भाकरी, सगळ्यात आधी ते कॅबिनेट उघडून बघितलास का? मागाच्या गल्लीत राहतोस म्हणजे आत कापूस बसलेला असणार. आमच्या दुकानात अशी लई मशीनं येतात. एसएमपीएसच्या (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) पंख्यावर अख्खी सोलापुरी चादर विणलेली असते, फक्त नक्षी नसते.

आणि दुपारी जास्त येते म्हणलास ना, शेजारचे माग चालू असतात तेव्हा. मोटरींचा कचरा लाइनीतून येत असणार. अर्थिंग हाय का घरात?

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ७.४०

उघडलं. चादर नाही पण टॉवेल निघाला. पंखा, हीटसिंक सगळं ब्रशने झाडलं. साउंड कार्ड एजीपी (पडद्याच्या) कार्डाच्या अगदी शेजारच्या खाचेत होतं, ते दोन खाचा खाली नेलं. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले, बारीक चुरा फुंकून काढला. मुलाचं खोडरबर संपलं म्हणून शाळेत जाताना तो रुसला, तो खर्च वेगळा.

मंद्रसप्तक ताई, तुमच्या प्रश्नावर रात्री नीट ऐकत बसलो आणि जरा चपापलोच. एक आवाज नाहीच आहे. लाह्या फुटतात तसाही आहे, आणि गड्ड्याच्या कॅसेटवर "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आलं की त्या "हर्र"वर टर्रकन फाटतोही. घूं नाही.

सात रस्ता, अर्थिंग तपासून घेतलं, ठीक आहे.

ओहमचा_नियम | मंगळवार, सकाळी ९.१५

खोडरबराचा उपाय चालतो, पण रोज नको. सोन्याचा थर फार पातळ असतो. पुढच्या वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरा.

आता मूळ मुद्दा. लोक पीसीतल्या आवाजाच्या मागे लागतात आणि चार दिवस ड्रायव्हर बदलत बसतात, कारण एक प्रश्न आधी विचारत नाहीत: तडतड फाइलीत आहे की फाइलीबाहेर? तुम्ही दोन्हीकडे येते म्हणता. पण ती एकच आहे हे कशावरून? भरलेली एक फाइल पेन ड्राइव्हवरून मोबाइलमध्ये घ्या आणि साध्या इयरफोनवर ऐका. जे मोबाइलवरही ऐकू येतं ते फाइलीत आहे. फक्त पीसीवर ऐकू येतं ते कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूचं आहे, फाइलीला त्याचा स्पर्शही नाही. एवढं करून या, मग बोलू.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ९.३३

ओहम काका, नमस्कार घ्या.

अर्ध्या तासाची फाइल कागद-पेन घेऊन दोन्हीकडे ऐकली. पीसीवर तडतडीच्या सत्तावन्न खुणा. मोबाइलवर चौदा. म्हणजे त्रेचाळीस माझ्या फाइलीत नाहीतच! आणि त्या त्रेचाळीसांतली एकही पहिल्या वीस मिनिटांत नाही. मोबाइलवरच्या चौदा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत विखुरलेल्या.

स्पीकर काढून थेट कार्डात हेडफोन लावला तरी तेच. म्हणजे स्पीकर निर्दोष.

सात_रस्ता | मंगळवार, रात्री ९.५०

मग मागाचं काय झालं? लाइनीतला कचरा?

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ९.५८

ते पडलं. आज सकाळी माग दणदणत असताना पीसी थंड होता, तेव्हा वीस मिनिटं एकदम स्वच्छ. आणि काल रात्री एक वाजता सगळं बंद असतानाही मशीन तापल्यावर तडतड होतीच. दुपारी जास्त येते ती मागांमुळे नाही, उकाड्यामुळे.

निळा_पडदा | मंगळवार, रात्री ११.२०

उशिरा आलो. फाइलीतल्या चौदांबद्दल बोलतो, ते माझं खातं.

ऑडॅसिटीत (तुमच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये) त्या जागी जाऊन झूम करत राहा, लाट सुट्या ठिपक्यांची दिसेपर्यंत. लाट मध्येच तोडून पुढचा तुकडा चिकटवल्यासारखी उभी पायरी दिसली तर मधला आवाज संगणकाने गिळला. ते कॅसेटचं काम नव्हे. कॅसेटचा दोष असेल तर लाट बारीक होते, काटेरी होते, पण अशी सुरीने कापल्यासारखी तुटत नाही.

तुमचा बोर्ड व्हीआयएचा असता तर मी आधी त्यावरच्या ६८६बी साउथब्रिज चिपवर बोट ठेवलं असतं. २००१ च्या सुमारास त्या चिपचं आणि लाइव्हचं हाडवैर होतं, हार्ड डिस्क चालू झाली की आवाजात लाह्या. तुमचा इंटेल आहे, तेव्हा ती भानगड नाही.

रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांवर करत असाल तर ४८,००० वर न्या. लाइव्हची ईएमयू१०के१ चिप आतून ४८ वरच चालते, ४४.१ मागितलं की ती स्वतः रूपांतर करत बसते. याने तडतड जाणार नाही, पण विनाकारण एक पायरी कमी होईल.

डीपीसी लेटन्सी चेकर नावाचा छोटा प्रोग्राम आहे, संगणक मध्येच किती वेळ अडकून पडतो ते मोजतो, एक्सपीवर नीट चालतो. तो चालू ठेवून पाच मिनिटं काही भरा आणि हिरव्या रेघांत लाल किती येतात ते सांगा.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ८.४५

उभी पायरीच आहे! चौदापैकी अकरा ठिकाणी. एक जागा मोजली: "विठ्ठ" नंतर जवळजवळ पाचशे ठिपक्यांचा आवाज नाही, म्हणजे साधारण दहा मिलिसेकंद. अण्णांचा "ल" गेला.

लेटन्सी चेकरमध्ये एरवी सगळं हिरवं. पण डिस्कचा लाल दिवा लुकलुकला की तिकडेही लाल रेघ उभी राहते, चार हजार मायक्रोसेकंदांपर्यंत.

निळा_पडदा | बुधवार, रात्री ९.१०

डिस्कचा दिवा आणि लाल रेघ एकत्र. मग बक्षीस लावून सांगतो. डिव्हाइस मॅनेजर, आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स, प्रायमरी आयडीई चॅनल, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. डिव्हाइस ० पुढे "करंट ट्रान्सफर मोड" काय लिहिलंय?

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ९.१६

पीआयओ मोड.

निळा_पडदा | बुधवार, रात्री ९.३१

सापडला.

एक्सपीची ही जुनी खोड. डिस्ककडून डेटा आणताना चुका आढळल्या की तो वेग एकेक पायरी उतरवतो, आणि अशा चुका साठत गेल्या की शेवटी पीआयओवर येऊन बसतो. पुन्हा आपणहून वर चढत नाही. कधीकाळी, कदाचित २००८ सालीच, एखाद्या सैल केबलमुळे तो खाली आला असेल. तेव्हापासून तसाच.

चकटफू | बुधवार, रात्री ९.४४

एक शंका. ४८,००० वर १६ बिट स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. पीआयओ मोड ४ सेकंदाला १६ एमबी नेतो. आवाज त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मग अडतंय कुठे?

निळा_पडदा | बुधवार, रात्री १०.०२

चांगली शंका, आणि मला वाटलं होतं तुम्ही फक्त टोमणे मारायला येता.

अडतं ते वेगात नाही, हमालीत. डीएमएमध्ये डिस्कचा माल थेट मेमरीत उतरतो, प्रोसेसर फक्त "झालं" असा निरोप घेतो. पीआयओमध्ये प्रोसेसरला स्वतः एकेक पाटी उचलावी लागते. तेवढा वेळ तो दुसरं काम हातात घेत नाही. इकडे साउंड कार्डाचा बफर भरून वाहू लागलेला, रिकामा करायला कोणी नाही, मग नवा आवाज जुन्यावर चढतो आणि मधला तुकडा जातो. चार मिलिसेकंदांचे असे दोन-तीन धक्के लागोपाठ बसले की "विठ्ठल"चा ल गेलाच.

उपाय: तो प्रायमरी आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, एक्सपी नव्याने ओळख करून घेईल. पण आधी केबल बदला. चाळीस नव्हे, ऐंशी तारांची चपटी केबल, जुनी ठेवलीत तर महिनाभरात परत तिथेच. आणि डिस्कचा बॅकअप. डिस्क स्वतःच मरायला टेकल्यामुळे चुका येत असतील तर कॅसेटी उतरवून काय उपयोग?

सात_रस्ता | बुधवार, रात्री १०.१५

ऐंशी तारांची केबल माझ्याकडं खोक्यात पडून हाय. उद्या दुकानावर ये, घेऊन जा. पैसे नको, येताना शेंगाचटणी आण घरची.

कडक_भाकरी | शुक्रवार, दुपारी ४.०५

केबल बदलली, चॅनल काढून रीस्टार्ट केलं. आता "अल्ट्रा डीएमए मोड ५" दिसतंय. मशीन सुरू व्हायलाच निम्मा वेळ लागतो, मी समजत होतो म्हातारपण आहे. डिस्कची तपासणी केली, एकही खराब सेक्टर नाही. पहिली कॅसेट परत भरली, उभी पायरी एकही नाही.

चौदातल्या उरलेल्या तिन्हींचा उलगडा झाला नाही. तो तुकडा वर चढवलाय, मंद्रसप्तक ताई, जमलं तर ऐका.

मंद्रसप्तक | शुक्रवार, रात्री ९.२०

ऐकलं. दोन ठिकाणी फितीवरचा लेप गेलाय, आवाज क्षणभर दबतो. करण्यासारखं काही नाही. तिसरं गड्ड्यातलं "हर्र". तिथे लाटेचं डोकं सपाट छाटलेलं आहे, रेकॉर्डिंगची पातळी तुम्ही जास्त ठेवली होती. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ न देता परत भरा. तरी फाटलं तर ते मूळ भरतानाच फाटलंय, टू-इन-वनच्या माइकसमोर एवढा जनसमुदाय ओरडल्यावर तो बिचारा काय करणार.

एक विचारायचं होतं. २ मिनिटं १० सेकंदांपासून मागे अगदी बारीक टक-टक आहे. मोजून मापून, सेकंदाला जवळजवळ दोन. संगणकाचा खंड इतक्या शिस्तीत पडत नाही. पण मधले काही ठोके गायब आहेत. ते काय आहे?

कडक_भाकरी | शुक्रवार, रात्री ९.३८

अरे देवा. तो माग आहे. भिंतीपलीकडच्या शेडमधला. धोटा इकडून तिकडे आपटतो तो ठोका. आम्हाला तो ऐकूच येत नाही, सवयीने.

गायब ठोके ही माझी करामत. तडतड जावी म्हणून ऑडॅसिटीतलं क्लिक काढायचं हत्यार फिरवलं होतं, त्याने धोट्याला क्लिक समजून खाल्लं. मूळ फाइल ठेवली नव्हती. बरं झालं परत भरायचंच होतं.

मंद्रसप्तक | शुक्रवार, रात्री ९.४५

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. एक प्रत काढून तिच्यावर काय ते खेळ करा. ४५ मिनिटांची बाजू ५०० एमबीच्या थोडी वर जाते, एवढी जागा आजकाल कोणाकडेही असते.

ओहमचा_नियम | शनिवार, सकाळी ८.५०

फाइलीतलं निस्तरलं. आता त्या त्रेचाळीस. वीस मिनिटांनी, तापल्यावर, फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला. माझे संशयित दोन: वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा ड्राय सोल्डर.

कपॅसिटरच्या आतलं द्रावण उष्णतेने सुकत जातं. ढोबळ हिशेब असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. पण एकाएकी सुट्या लाह्या फुटायला लागल्या तर मी आधी सोल्डर बघतो. स्पीकरची पिन वीस वर्षं घालून-काढून जॅकच्या पायाशी सोल्डर तडकतो. थंड असताना टेकलेला असतो, तापला की केसभर सुटतो.

चाचणी सोपी आहे. मशीन तापवा, गाणं लावा आणि लाकडी पेन्सिलच्या मागच्या टोकाने कार्डावर हळू टिचक्या मारा. धातूचं काही नको. ज्या जागी टिचकी मारताच लाह्या फुटतील ती जागा. कार्ड काढताना मात्र वायर भिंतीतून काढा आणि आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. एसएमपीएसचा डबा कशासाठीही उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास बसलेले असू शकतात.

कडक_भाकरी | रविवार, संध्याकाळी ६.३०

काका, हिरव्या जॅकवर टिचकी मारली आणि फटाक्यांची माळ लागली! कपॅसिटरांवर मारल्या, काही नाही. परत जॅक, परत माळ. बायको आतून विचारते, "काय फोडलं?"

नव्या पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने भिंगाखाली धरलं आणि मलाही दाखवलं: जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. पाय आणि सोल्डर यांच्यात चक्क फट. जुना सोल्डर ओढून काढला, फ्लक्स लावला, नवा भरला. पाच मिनिटं, ऐंशी रुपये. माझ्याकडे बघत म्हणाला, "याच्यासाठी एवढ्या लांब आलात?"

दुपारी दोन ते पाच, खोलीत बेचाळीस अंश, सलग वाजवलं. एकही लाही नाही.

ओहमचा_नियम | रविवार, संध्याकाळी ७.०२

उत्तम. बाकीचे जॅकही त्याच वयाचे आहेत. निळ्यावर एकदा टिचकी मारून बघा, तो तडकला तर घाण फाइलीत जाईल आणि तिथून ती निघत नाही.

कडक_भाकरी | रविवार, संध्याकाळी ७.२५

मारली. शांत आहे.

सात_रस्ता | रविवार, रात्री ८.१०

चटणी लई झणझणीत होती बे. दुसरी केबल पण देतो, परत ये.

चकटफू | रविवार, रात्री १०.४०

वाचनखूण साठवली. एक विचारू का? सांगायला जरा लाज वाटतेय. आमच्याही माळ्यावर एक लाइव्ह ५.१ आहे, २००३ सालचं. "तडतडतं" म्हणून मीच काढून ठेवलं होतं आणि नवं घेतलं होतं. पेन्सिल कोणती घ्यायची, एचबी चालेल?

ओहमचा_नियम | रविवार, रात्री १०.५२

चालेल. टोक काढलेलं नको, शिसं वीज वाहून नेतं.